चिपटं, मापटं आणि पोरांचे हात

घरात जुनी पायली असेल तर आज ती माळ्यावरून खाली काढा. आमच्याकडची पितळेची आहे, कडेला ठोकर बसून वाकलेली. आज तिचीच गोष्ट सांगते.

आपल्या आज्यांना लिटर ठाऊक नव्हतं. त्यांचं गणित असं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. दर पायरीला दुप्पट. शाळेचं तोंड न पाहिलेली पोर सुगीत खळ्यावर बसायची, भरायची, ओतायची. पायलीत सोळा चिपटी बसतात हे तिला कुणी पाठ करायला लावलं नाही, हातांनीच शिकवलं. मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन.

पण ही मापं काही भोळी नव्हती. मुलखामुलखाची पायली वेगळी. त्यात माप सपाट भरायचं की शीग लावून? मजुरी धान्यात मिळायची तेव्हा या शिगेवर बाईचं रात्रीचं जेवण अवलंबून असे. घेताना शीग आणि देताना सपाट, असा व्यवहार करणारे होतेच. ज्या बाईला माप कळे, तिला फसवणं अवघड.

पुढं 1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्यानं किलो, लिटर आले. सगळीकडं एकच माप, हे फार चांगलं झालं. फक्त धान्य तराजूवर गेलं आणि मापटं पोरांच्या हातातून सुटलं. लिटर उरला तो पुस्तकात.

पोरांना हे पुस्तकातून का कळत नाही? स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांनी मुलांसमोर पाणी ओतून हे तपासलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1941 सालचं. रुंद पेल्यातलं पाणी मुलासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओतलं, तरी लहान मूल म्हणतं, आता जास्त झालं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत असंच चालतं. त्याला रागावू नका. डोळ्यांना दिसतं तेच ते सांगतं.

आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत काम सुरू केलं, नंतर 1957 मध्ये कोसबाडला. माँटेसरीबाईंच्या पद्धतीत ओतणं, भरणं हे मुलांचं कामच असतं, पण ती साधनं महागडी. या दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, काटक्या घेतल्या. पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आपण आज सहज म्हणतो तो ‘अंगणवाडी’ शब्द तिथला.

म्हणून आमच्या अंगणवाडीत आम्ही तांब्या, फुलपात्र, पेला आणि बादलीभर पाणी घेऊन बसतो. आधी अंदाज: तांब्यात किती फुलपात्रं मावतील? मग पोरांनीच ओतून पाहायचं. उत्तर आपण सांगायचं नाही, हे सगळ्यात कठीण! सांडलं तर सांडू द्या, फडकं जवळ ठेवा. त्यानंतर लिटरची बाटली आणा. एक पायली ज्वारी आणि एक पायली लाह्याही उचलायला द्या. जागा तेवढीच, वजन वेगळं. पोरं चकित होतात.

परवा एकीनं मापटं शीग लावून भरलं आणि म्हणाली, ‘माझं जास्त.’ शेजारचीनं काही न बोलता पट्टी उचलली, मापट्यावरून फिरवली आणि खाली पडलेले दाणे मुठीत घेऊन मला दाखवले. ‘बाई, हे कुणाचे?’