बिरसीच्या धावपट्टीचा वंशवृक्ष

गोंदियाहून कामठ्याच्या बाजूला सुमारे बारा किलोमीटर गेले की धानाच्या बांध्या मध्येच तुटतात आणि डांबराची एक सरळ, रुंद पट्टी लागते. लांबी सुमारे 2300 मीटर, म्हणजे जेट विमान उतरेल एवढी. धान, तेंदूपत्ता आणि राईस मिलवर जगणाऱ्या आणि 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला असा विमानतळ कसा मिळाला? कुणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते: प्रफुल्लभाईंनी आणला. ते चूक नाही, पण कथा तेवढीच नाही. प्रफुल्ल पटेल 2004 मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्री झाले तेव्हा बिरसीची धावपट्टी चौसष्ट वर्षांची होती. एखाद्या नेत्याच्या कारकिर्दीत फौज, व्यापार आणि सत्ता एकत्र दिसतात तेव्हा आपण ते त्या माणसाचे कर्तृत्व म्हणून सांगतो. बिरसीत या तिन्ही गोष्टी एका जमिनीच्या नावावर जमा झाल्या आहेत, आणि माझ्या मते गोंदियाचे राजकारण समजून घ्यायचे तर माणसाआधी ही जमीन वाचावी.

शेजारचे कामठा हे जुन्या जमीनदारीचे ठिकाण. नागपूरकर भोसल्यांच्या काळात इथला जमीनदार म्हणजे महसूल गोळा करणारा, पडीक रान लागवडीखाली आणणारा आणि वेळ आली की माणसे घेऊन लढायला उभा राहणारा. हा सगळा कारभार एकाच घराकडे असे. 1818 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी गादीवरून काढले, तेव्हा कामठ्याच्या चिमणा पटेलाने अप्पासाहेबांची बाजू धरून बंड केले. कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठा घेतले. जमीनदारी त्या घराकडून काढण्यात आली आणि इंग्रजांना मदत करणाऱ्या लोधी घराण्याला मिळाली. या भागात नवी सत्ता कशी बसते याचा तो पहिला ठळक धडा होता: तलवार हरली की जमीन हात बदलते.

पुढची फौज आली ती 1940 मध्ये. दुसरे महायुद्ध सुरू होते आणि इंग्रज सरकारने बिरसीला धावपट्टी बांधली. किनाऱ्यापासून दूर, सपाट, आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरचे गोंदिया जंक्शन हाताशी, अशी ही जागा. युद्ध संपले आणि धावपट्टीचे काम उरले नाही. स्वातंत्र्यानंतर ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिली. देशभरात युद्धकाळातल्या अशा कितीतरी पट्ट्या गवताखाली गेल्या. बिरसी गेली नाही, आणि त्याचे कारण धावपट्टीत सापडत नाही. ते जंगलात सापडते.

मध्य भारतात विडीचा धंदा वाढला तो रेल्वेमागे. 1899 च्या दुष्काळात गुजरातेतून अनेक कुटुंबे इकडे आली, त्यांतले काही रेल्वेची कंत्राटे घेत होते. तेंदूच्या पानात तंबाखू बांधली तर ती टिकते आणि स्वस्त पडते, हे त्यांच्या लक्षात आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरला विडीचा व्यापार उभा राहिला. गोंदिया त्या भूगोलात नेमके बसत होते. इथून जबलपूरकडे नॅरोगेज जात होती, भोवती तेंदूचे जंगल होते, आणि धानाचा हंगाम संपला की रिकामे हात होते. गुजरातची तंबाखू आणि इथल्या झाडीपट्टीचे पान यांची गाठ इथे पडली.

या धंद्याचे कामकाज मला नेत्याच्या चरित्रापेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण पुढचे सगळे त्यातून आले आहे. एप्रिल-मे महिन्यांत पावसाआधी पान तोडायचे. पहाटेच जंगलात शिरायचे, दुपारी घरी बसून पाने जुळवायची, सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पान-संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. पुढे तेच पान सट्टेदाराकडून, म्हणजे मालकाच्या कंत्राटदाराकडून, तंबाखू आणि दोऱ्यासह घरी येते. सुपात घेऊन बाया विड्या वळतात, सट्टेदार त्या मोजतो, बारीक किंवा सैल विडी बाजूला काढतो, आणि ती छाट मजुरीतून जाते. मालक आणि मजूर यांची गाठ क्वचितच पडते, पण मालकाचे नाव मात्र प्रत्येक गावात, प्रत्येक ओसरीवर पोहोचलेले असते. निवडणूक लढवायला निघालेल्या माणसाला याहून मोठे जाळे कोणता पक्ष देणार?

प्रफुल्ल पटेल यांचे वडील मनोहरभाई पटेल हे याच जाळ्यातले. गुजराती कुटुंबात 1906 मध्ये जन्मलेले मनोहरभाई विडीचे कारखानदार झाले, मग आमदार झाले. 1958 मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली. ज्या जिल्ह्यात मॅट्रिकनंतर शिकायचे तर नागपूर गाठावे लागे, तिथे शाळा-महाविद्यालये उभी राहिली. विडीच्या नफ्यातून शाळा निघाली, हे दोन्ही बाजूंनी सांगायला हवे. ती शाळा नसती तर या भागातल्या दोन पिढ्या शिकल्या नसत्या. आणि तो नफा विड्या वळणाऱ्या बोटांतून आला होता. विडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा व्हायला 1966 उजाडले. 1970 मध्ये मनोहरभाई गेले. त्यांच्या जयंतीला, 9 फेब्रुवारीला, गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके देण्याची प्रथा आजही चालू आहे, आणि त्या मंचावर देशभरातले नेते येतात.

वडील गेले तेव्हा प्रफुल्ल तेरा वर्षांचे होते. धंदा हाती आला, 1985 मध्ये गोंदियाचे नगराध्यक्षपद आले, 1991 पासून भंडाऱ्याची खासदारकी. 1999 मध्ये ते शरद पवारांबरोबर राष्ट्रवादीत गेले. मग 2004. भाजपचे शिशुपाल पटले यांच्याकडून ते सुमारे तीन हजार मतांनी हरले, आणि त्याच महिन्यात राज्यसभेच्या बळावर विमान वाहतूक खात्याचे मंत्री झाले. मतदारसंघाने नाकारलेल्या मंत्र्याला मतदारसंघाला काहीतरी दाखवायचे होते, आणि बिरसीत ते तयार पडलेले होते.

धावपट्टी 1998 पासून औद्योगिक विकास महामंडळाकडे होती. डिसेंबर 2005 मध्ये ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. लांबी वाढली, टर्मिनल झाले, आणि कॅनडाच्या सीएई कंपनीबरोबर प्राधिकरणाने भागीदारीत वैमानिक प्रशिक्षण संस्था काढली. देशात नव्या विमान कंपन्या निघत होत्या आणि वैमानिक कमी पडत होते, तो हा काळ. 2009 मध्ये पटेल भंडारा-गोंदियातून निवडून आले. 2014 मध्ये नाना पटोले यांनी त्यांना हरवले. धावपट्टी दोन्ही निकालांना पुरून उरली. शिकाऊ विमाने धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालत राहिली. त्यांतले एक 18 मार्च 2023 रोजी बिरसीहून उडाले आणि बालाघाटच्या डोंगरात कोसळले. त्यात दोघांचा जीव गेला.

प्रवासी विमान यायला मात्र मार्च 2022 उजाडले. फ्लायबिगची इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली. ती टिकली नाही. डिसेंबर 2023 मध्ये इंडिगोने हैदराबाद-तिरुपतीची सेवा सुरू केली. म्हणजे धावपट्टी बांधल्यापासून तिकीट काढून विमानात बसायला गोंदियाकराला ऐंशीहून अधिक वर्षे थांबावे लागले.

या वंशवृक्षात एक फांदी कुणी लिहीत नाही, ती बिरसी गावाची. विस्तारासाठी ज्यांच्या बांध्या गेल्या, ज्यांची घरे विमानतळाच्या कुंपणाला टेकली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे निवेदने आणि आंदोलने यांतून पुढे येत राहिला आहे. ज्या जिल्ह्यात एका जमीनदाराने 1818 मध्ये हत्यार उचलले आणि जमीन गमावली, तिथे 2005 नंतर शेतकऱ्यांनी कागद घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. विमानतळाच्या उद्घाटनांच्या बातम्या सहज सापडतात. कुठल्या कुटुंबाला कुठे भूखंड मिळाला, मोबदला कधी हातात पडला, कोण अजून जुन्याच घरात राहतो, हे लिहून ठेवणारे कुणी नाही. प्राधिकरणाने आणि जिल्हा प्रशासनाने ती नोंद घरनिहाय जाहीर करावी, आणि ती बिरसीच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी.