चालकाला परीक्षा, मालकाला माफी

सतराव्या शतकात सुरतेहून बऱ्हाणपूरला जायचे तर वाट नवापूर-नंदुरबारवरून होती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याच वाटेने गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाची तारीफ लिहून ठेवून गेला. तांदळापेक्षा त्याने केलेले बैलांच्या तांड्यांचे वर्णन आपल्या कामाचे आहे. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल. वाहतूक करणाऱ्यांच्या चार जमाती होत्या. एकीने धान्य वाहायचे, दुसरीने तांदूळ, तिसरीने डाळी, चौथीने मीठ, आणि एकीने दुसरीच्या मालाला हात लावायचा नाही. प्रत्येक तांड्याला नायक असे आणि त्याचा रुबाब एखाद्या संस्थानिकाला शोभावा असा. लदलेला बैल घाटातून उतरवणे हे एक कसब आणि हजारो बैलांचा तांडा वेळेत, धडधाकट मुक्कामी पोचवणे हे दुसरे, याबद्दल त्या काळी कुणाच्या मनात संशय नव्हता. पुढे मोटार आली तेव्हा सरकारने पहिले कसब परीक्षेच्या कक्षेत आणले आणि दुसरे वाऱ्यावर सोडले. नंदुरबारच्या रस्त्यांवर आजही जे घडते त्याचे मूळ मला या अर्धवट हिशेबात दिसते.

1914 च्या मोटार कायद्याने चालकाला लायसन्स लावले. 1939 च्या कायद्याने धंद्याला पर्मिट लावले, पण त्यामागची मोठी चिंता रेल्वेची होती. मोटारी रेल्वेचे उतारू आणि माल पळवतात ही ओरड त्याआधीच्या दशकात जोरात होती, आणि तापी खोऱ्यातून सुरतेला जाणारी रेल्वे तर नंदुरबारच्या दारातूनच धावत होती. त्यामुळे पर्मिट मागणाऱ्याला मार्ग विचारला जाई, भाडे विचारले जाई, त्या रस्त्यावर आधी किती गाड्या आहेत ते पाहिले जाई. चालकाला विश्रांती किती द्यावी, गाडीत माल कसा भरावा, ब्रेकची तक्रार आली तर खेप रद्द करायची की नाही, हे या माणसाला कळते का, असा प्रश्न अर्जात नव्हता. 1988 च्या कायद्यातही तो आला नाही. उलट एकूण वजन 3,000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला पर्मिटच नको, अशी सूट मिळाली.

अपवाद एकच, एसटीचा. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली आणि हळूहळू राज्यभर आगारे उभी राहिली. नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा ही त्यांतली आपली. एसटीत वाहतूक नियंत्रक, निरीक्षक, आगार व्यवस्थापक अशी उतरंड आहे, आणि ‘ब्रेक लागत नाही’ ही चालकाची तक्रार कागदावर नोंदली गेली की गाडी सोडणाऱ्याच्याही गळ्याशी येते. राज्य परिवहन संस्थांचे अधिकारी घडवण्यासाठी 1967 मध्ये पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय रस्ते परिवहन संस्था निघाली. म्हणजे वाहतूक चालवणे ही शिकण्याची विद्या आहे हे सरकारला ठाऊक होते. ती खासगी मालकाकडून मागावी असे मात्र वाटले नाही.

खासगी गाडीवरचे शिक्षण क्लीनर म्हणून सुरू होई. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीच्या चढावर गाडी दमली, की पोराने उडी मारून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचे नाही, ब्रेक तापल्याचा वास ओळखायचा. अशी चार-पाच वर्षे गेली की स्टिअरिंग हातात येई. या शाळेला नावे ठेवणे सोपे आहे, पण घाट तिनेच शिकवला. कायद्याला ती दिसली नाही. 2007 मध्ये व्यावसायिक लायसन्ससाठी आठवी पासची अट आली. 2011 च्या जनगणनेत साक्षरता 64 टक्के आणि आदिवासी लोकसंख्या 69 टक्क्यांवर असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात तिचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. 2019 मध्ये अट उठली, तीही हरयाणाच्या मेवात भागातून मागणी आली आणि देशभर चालक कमी पडू लागले म्हणून. अक्षरओळख निरुपयोगी आहे असे नाही. नवापूरवरून जाणाऱ्या महामार्गावर रसायनांचे टँकर असतात. तशा गाडीच्या चालकाला 3 दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि लिहिता-वाचता येण्याची अट आहे, आणि ती रास्तच आहे, कारण टँकरवरची सूचना वाचता येणे हा तिथे कामाचाच भाग आहे. शाळेचा दाखला हा मात्र घाट उतरण्याचा पुरावा नव्हे.

मालकाचीही परीक्षा हवी, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की अपघात शेवटी चालकाच्या हातून होतो, मग मालकाला कशाला ओढता? 2025 च्या ऑक्टोबरात अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात कोसळली आणि माणसे गेली. त्या क्षणी नेमके काय चुकले हे तपासाचे काम. पण मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसली, हा निर्णय घाटाच्या कितीतरी आधीचा असतो, आणि तो दरवेळी एकट्या चालकाचा नसतो. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघणाऱ्या कुटुंबांचेही तेच. गाडी ठरवणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि पकडला जातो तो चालक.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इथे मालक म्हणजे कर्ज काढून एक पिकअप घेतलेला माणूस, बहुधा स्वतःच चालवणारा, त्याच्यावर आणखी एक परीक्षा लादली तर एजंटचेच भले होईल. खरे आहे. मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा 2025 मध्ये रद्द होईपर्यंत दिवसाला 8 तासांची मर्यादा घालत होता, पण पाच कामगार असलेल्या धंद्यापासून पुढे, म्हणजे हा माणूस त्यातही बसत नव्हता. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साडेसात हजार किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते असे ठरवले. गरिबाच्या रोजीरोटीच्या दृष्टीने मला तो निकाल योग्य वाटतो, पण त्याने चाळणीचे आणखी एक भोक मोठे झाले हेही नाकारता येत नाही. युरोपात चालकाला दर 5 वर्षांनी 35 तासांचे प्रशिक्षण असते आणि मालवाहतूक कंपनीला परीक्षा पास झालेला व्यवस्थापक नेमावा लागतो. त्यातले प्रशिक्षणाचे तास उचलण्याची आपल्याला घाई आहे. 2021 पासूनच्या मान्यताप्राप्त केंद्रांत अवजड वाहनासाठी 38 तासांचा अभ्यासक्रम आहेच. घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे: तिथल्या व्यवस्थापकाची पत गेली तर त्याला ते काम करता येत नाही. एका पिकअपच्या मालकाला हे लावू नये. सुरुवात मोठ्यांपासून करावी, अनेक गाड्या राखणाऱ्या वाहतूकदारापासून आणि तोडणीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमापासून. उचल देताना मुकादमाचे नाव कारखान्याच्या वहीत चढतेच. त्याच ओळीत टोळी कोणत्या गाडीने आली हे लिहिता येईल.