‘भरून पावलो’ : घराची सही आणि वाटेवरचा पैसा

धागा. नागपुरातील दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्ट्रीच्या दिवशी एक चमत्कारिक क्षण येतो. खरेदीखतात विक्रेत्याच्या तोंडी एक वाक्य लिहिलेले असते : ठरलेली संपूर्ण रक्कम मिळाली, काहीही येणे बाकी राहिले नाही. जुन्या कागदांच्या भाषेत ‘भरून पावलो’. विक्रेता त्याखाली सही करतो, अंगठा देतो, छायाचित्र काढून घेतो. आणि पुष्कळदा त्या क्षणी रक्कम अजून वाटेतच असते : न वटलेल्या धनादेशात, कर्ज देणाऱ्या बँकेच्या टेबलावर, किंवा ‘प्रलंबित’ असे दाखवणाऱ्या मोबाइलच्या पडद्यावर.

हे वाक्य खरे ठरायला किती वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात घर नेमके कोणाचे असते? हा प्रश्न इंटरनेट बँकिंगने निर्माण केलेला नाही. तो भोसल्यांच्या काळापासून या शहरात आहे. त्याची उत्तरे मात्र प्रत्येक पिढीने वेगळी दिली.

भोसल्यांच्या नागपुरात दूरगावचा पैसा आणण्याचा रूढ मार्ग हुंडीचा. समजा, काशीत असलेल्या एखाद्या गृहस्थाला नागपुरात वाडा विकत घ्यायचा आहे. नाण्यांच्या थैल्या बैलांवर लादून जंगलवाटेने पाठवणे म्हणजे पेंढाऱ्यांना आमंत्रण. म्हणून तो काशीच्या पेढीवर रुपये भरी. पेढी आपल्या नागपूरच्या आडत्याच्या नावे एक चिठ्ठी लिहून देई : अमुक रक्कम अमक्यास द्यावी. या सेवेबद्दल पेढी जो आकार घेई, ती हुंडणावळ. चिठ्ठी नागपुरात पोचली, आडत्याने ती सकारली, की विक्रेत्याच्या हाती रुपये पडत.

येथे उशिराचा हिशेब कागदावरच मांडलेला असे. दर्शनी हुंडी दाखवताच द्यावी लागे. मुदती हुंडीचे पैसे ठरलेले दिवस भरल्यावर मिळत. म्हणजे पैसा केव्हा येणार हे विक्रेत्याला हुंडीच्या जातीवरूनच कळे, आणि मुदती हुंडी स्वीकारणारा विक्रेता आपण किती दिवस थांबणार आहोत हे जाणून सौदा करी. पैसे कोणाला द्यायचे हेही जातीवरून ठरे. नामजोग हुंडीत नाव असे आणि त्याच माणसाला पैसे मिळत. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच दिले जात. चोराने हुंडी पळवली तरी तिचे रोकडे करायला त्याला एखादा प्रतिष्ठित व्यापारी गाठावा लागे, आणि तेथेच तो अडके.

हुंडी वाटेत हरवली तर? त्याचीही सोय होती. दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोखा, आणि तो जपून ठेवला जाई, कारण भरणा झाल्याचा तोच पुरावा. आजच्या व्यवहार क्रमांकाचे काम तेव्हा खोखा करी असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

(नागपूरला ‘येणे बाकी’ हा शब्दप्रयोग तसा अपरिचित नव्हताच. १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने बंगालच्या चौथाईपोटी रघूजी भोसल्यांना दरसाल बारा लाख रुपये देण्याचे कबूल केले. १७६५ मध्ये बंगालची दिवाणी इंग्रजांकडे गेल्यानंतर त्या रकमेचे तगादे दरबारला वर्षानुवर्षे करावे लागले. राज्याराज्यांतील हिशेबाची ही गत असेल, तर वाडा विकणाऱ्या सामान्य माणसाची धाकधूक समजण्याजोगी आहे.)

आणखी एक भानगड नाण्यांची होती. नागपुरी रुपया वेगळा, इतर टांकसाळींचे रुपये वेगळे. कोणत्या चलनाचे रुपये, हे कागदात लिहिणे म्हणूनच महत्त्वाचे. रक्कम पोचली तरी ती कोणत्या रुपयांत मोजायची आणि बट्टा कोणी सोसायचा, यावर गाडी अडू शके. त्या बैठकीत सराफ बसे तो केवळ साक्षीला नव्हे. एकेक नाणे वाजवून पाहीपर्यंत ‘भरून पावलो’ हे शब्द पुरे होत नसत.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली. पैशाचा वेग वाढला, हे खरे. पण याच काळात एक नवा आणि आज विनोदी वाटणारा अडथळाही आला.

१८६१ च्या कायद्याने सरकारी कागदी नोटा सुरू झाल्या. मात्र नोट देशभर चालत नसे. देशाचे चलन-मंडळांमध्ये विभाजन झाले होते, आणि एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळात कायदेशीर चलन मानली जात नसे. नागपूर मुंबईच्या मंडळाखाली येई. कलकत्त्यात नोकरी करणाऱ्या माणसाने तिथल्या नोटा घेऊन नागपुरात घराचा सौदा करायला यावे, तर त्या स्वीकारण्याचे बंधन विक्रेत्यावर नसे. सराफाकडे बट्टा देऊन त्या बदलाव्या लागत. एकच सरकार, एकच राजमुद्रा, पण पैसा मात्र परका! ही अडचण दूर व्हायला विसावे शतक उजाडले. पाच रुपयांच्या नोटेपासून आरंभ होऊन १९१०-११ च्या सुमारास दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटा सर्वत्र चालू झाल्या.

नोटा टपालाने पाठवण्याची त्या काळची रीत तर मुळातून जाणून घेण्याजोगी आहे. लोक नोट मधोमध कापत. एक अर्धा तुकडा आधी पाठवत. तो पोचल्याचे पत्र आले की दुसरा अर्धा पाठवत. वाटेत कोणी पाकीट फोडले तरी अर्ध्या नोटेचा त्याला उपयोग नसे. पण याचा अर्थ असा की टपालाची एक फेरी पूर्ण झाल्याखेरीज पैसा पैसा होत नसे. त्या दिवसांत विक्रेत्याच्या हातात अर्धी नोट असे, खरेदीदाराच्या हातात अर्धी, आणि घर मध्ये. विश्वास नसलेल्या दोन माणसांनी एकाच वेळी देवघेव कशी करावी, याचे यापेक्षा नेमके चित्र सापडणे कठीण.

हुंड्यांचे जगही संपले नव्हते. कामठीच्या छावणीच्या आधाराने वाढलेली बन्सीलाल अबीरचंद ही मूळची बिकानेरकडची पेढी मध्य प्रांतातील मातब्बर सावकारी घराण्यांत गणली जाई. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कला ज्यांचे नाव आहे ते सर कस्तुरचंद डागा याच घराण्यातले. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने धनादेश आणि वचनचिठ्ठ्यांचे नियम घातले, पण देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक चालीरीतींना हात लावला नाही. बाजाराचे शास्त्र बाजारापाशीच राहिले.

खरा बदल पुढच्या वर्षी झाला. १ जुलै १८८२ रोजी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम अमलात आला. येथे इतिहासप्रेमींनी एक गंमत टिपून ठेवावी. मुंबई इलाखा आरंभी या कायद्यातून वगळलेला होता. तेथे तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. म्हणजे मध्य प्रांतातील नागपूर या बाबतीत पुण्या-मुंबईच्या साडेदहा वर्षे पुढे होते.

या कायद्याचे कलम ५४ नीट वाचले तर आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे. किंमत दिलेली असो, देण्याचे वचन असो, किंवा काही दिलेली आणि काही देण्याची असो, मालकी हस्तांतरित झाली की ती विक्री. शंभर रुपये वा त्याहून अधिक मोलाच्या घराजमिनीसाठी नोंदणीकृत दस्त हवा. पैसा नंतर आला तरी चालेल! कायद्याने सही आणि पैसा यांची गाठ जाणीवपूर्वक सोडवली. सामान्य माणसाची समजूत अशी की पैसे आले नाहीत तर विक्री झालीच नाही. कायदा तसे म्हणत नाही.

मग विक्रेत्याचे काय? त्याच्यासाठी कलम ५५ मध्ये तरतूद आहे. पूर्ण किंमत मिळण्यापूर्वी मालकी गेली असेल, तर उरलेल्या रकमेपुरता त्याचा त्या घरावर बोजा राहतो. उलट, खरेदीदाराने आधी पैसे भरले आणि व्यवहार विक्रेत्यामुळे फसला, तर खरेदीदारालाही तसाच बोजा मिळतो. न्याय दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

पण या संरक्षणाला एक भगदाड आहे, आणि ते विक्रेता स्वतःच्या सहीने पाडतो. खरेदीदाराने घर लगेच तिसऱ्याला विकले, तर विक्रेत्याचा बोजा त्या तिसऱ्यावर केव्हा चालतो? त्याला रक्कम थकल्याची जाणीव असेल तेव्हा. आता हा तिसरा मूळ खरेदीखत तपासतो. तेथे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले असते : भरून पावलो, बाकी नाही. थकबाकीची जाणीव त्याला व्हावी तरी कोठून? सौजन्यापोटी, किंवा ‘पैसे संध्याकाळपर्यंत येतीलच’ या भरवशावर सही केलेले ते एक वाक्य विक्रेत्याची ढाल काढून घेते.

ही गफलत टाळण्याची जागाही जुन्या कायद्याने ठेवली होती, आणि ती आज जवळजवळ विस्मृतीत गेली आहे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमातील कलम ५८ सांगते की नोंदणी अधिकाऱ्यासमक्ष काही रक्कम दिली गेली, किंवा मोबदला मिळाल्याची कबुली दिली गेली, तर त्याची टीप दस्तावर करावी. म्हणजे त्याच टेबलावर रुपये मोजायचे, त्याच टेबलावर सही करायची, आणि अधिकाऱ्याने दोन्हींची नोंद घ्यायची. अंतर शून्य. रोख रकमेच्या युगात ही व्यवस्था उत्तमच होती. १ जून २०१५ पासून आयकर कायद्याने स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा अधिक रोख घेण्यास मनाई केली. काळ्या पैशाला आळा घालण्यासाठी ते आवश्यक होते. पण टेबलावर पैसा मोजण्याचा मार्ग त्याबरोबर बंद झाला, आणि बँकांमधून येणाऱ्या पैशाची वाट पाहणे अपरिहार्य ठरले.

बँकांची ही वाट हळूहळू रुंदावत गेली. परगावचा धनादेश वटायला आठवडे लागत, तेव्हा घरविक्रीत डिमांड ड्राफ्टचा आग्रह धरला जाई, आणि अजूनही धरला जातो. मार्च २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने आरटीजीएस सुरू केले, २००५ मध्ये एनईएफटी. दोन्हींतला फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. आरटीजीएसमध्ये प्रत्येक व्यवहार सुटा आणि तत्काळ निकाली निघतो. एनईएफटीमध्ये दर अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यात. रात्री-अपरात्री आणि सुटीच्या दिवशीही चालू राहण्याची सोय एनईएफटीला डिसेंबर २०१९ मध्ये मिळाली, आरटीजीएसला डिसेंबर २०२० मध्ये. शनिवारी रजिस्ट्री आणि सोमवारी पैसे, हे दुखणे तेथे संपायला हवे होते.

ते पूर्ण संपले नाही, कारण उशीर आता तारेत नसून तारेच्या दोन टोकांना आहे. नवा लाभार्थी जोडल्यावर अनेक बँका आरंभीच्या तासांत मोठी रक्कम जाऊ देत नाहीत. कर्जाचा हप्ता दस्त पाहिल्याशिवाय सुटत नाही. आणि खातेक्रमांकाचा एखादा आकडा चुकला तर पैसा भलतीकडे जातो, कारण या यंत्रणेत रक्कम जमा होत असे ती केवळ क्रमांक पाहून. नाव जुळते का, हे कोणी पाहत नसे. नामजोग हुंडी सकारणारा आडत्या माणूस ओळखल्याखेरीज एक रुपया देत नव्हता! पैसे पाठवण्याआधी लाभार्थ्याचे नाव पाहता येण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले, तेव्हा ही जुनी दक्षता परतली.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तेथे दोन्ही पक्षांचे वकील पैसा आपल्या खात्यांतून फिरवतात, आणि रक्कम पोचल्याचा निरोप येईपर्यंत विक्रेत्याची किल्ली खरेदीदाराला मिळत नाही. या रीतीत विक्रेता सुरक्षित, पण यंत्रणा अडली की सगळेच अडतात. २० ऑक्टोबर २०१४ रोजी बँक ऑफ इंग्लंडची मोठ्या रकमांची प्रणाली सकाळपासून दुपारपर्यंत सुमारे दहा तास बंद पडली, आणि त्या दिवशी घर बदलणारी कुटुंबे पैसा पोचण्याची वाट पाहत खोळंबली. भारतात तसे झाले असते तर रजिस्ट्र्या बहुधा सुरळीत पार पडल्या असत्या. धोका फक्त विक्रेत्याच्या अंगावर सरकला असता.

तो किती मोठा असू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या सुरतच्या एका खटल्यात दिसते. पूर्ण किंमत प्रत्यक्ष मिळाली नसली तरी नोंदणीकृत दस्ताने विक्री पूर्ण होऊ शकते, हे न्यायालयाने १९९९ मध्ये विद्याधर विरुद्ध माणिकराव या खटल्यात म्हटलेच होते. जुलै २०२० चा दहिबेन खटल्याचा निकाल त्याच वाटेने गेला. जुलै २००९ मध्ये झालेल्या जमिनीच्या खरेदीखतात किंमत होती १ कोटी ७४ लाख २ हजार रुपये, आणि ती ३६ धनादेशांनी चुकती झाल्याचे लिहिले होते. विक्रेत्यांचे म्हणणे, हाती फक्त ४० हजार आले, बाकीचे धनादेश खोटे. २०१३ मध्ये खरेदीदाराने ती जमीन पुढे विकली. विक्रेते न्यायालयात गेले डिसेंबर २०१४ मध्ये. न्यायालयाने सांगितले की पैसे मिळाले नाहीत हे घटकाभर खरे धरले तरी तेवढ्याने खरेदीखत रद्द होत नाही. उपाय होता तो राहिलेल्या रकमेसाठी दावा लावण्याचा, आणि दस्त रद्द करून घेण्याची तीन वर्षांची मुदतही केव्हाच उलटून गेली होती. दावा दाखल करून घेण्याजोगाच नाही असे ठरले. खरेदीखतात त्या ३६ धनादेशांचा तपशील ओळीने नोंदलेला होता, आणि पूर्ण मोबदला मिळाल्याच्या मजकुराखाली विक्रेत्यांच्याच सह्या होत्या.