ग्रंथ नसलेला लेखक आणि मासेमारीची जुनी नियतकालिके

वाङ्मयाचा इतिहास आपण बहुधा ग्रंथांच्या क्रमाने सांगतो. जे पुस्तकात आले ते टिकले आणि जे नियतकालिकात राहिले ते विरले, असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय आहे. हे गृहीत किती लंगडे आहे हे दाखवणारे एक उदाहरण आम्ही येथे मांडू इच्छितो. ते अनपेक्षित क्षेत्रातले आहे. गळाने मासे धरण्याच्या छंदाला वाहिलेली इंग्रजी नियतकालिके आणि त्यांचे जुने अंक जमवणारे संग्राहक, हा या लेखाचा विषय आहे.

इंग्रजीत या छंदाविषयीच्या लेखनाची परंपरा जुनी आहे. आयझॅक वॉल्टन यांचा 'द कम्प्लीट अँग्लर' १६५३ साली प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या लेखनाचे केंद्र साप्ताहिकांकडे सरकले. अमेरिकेत चार्ल्स हॅलॉक यांनी १८७३ साली 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' काढले. लंडनमध्ये १८७७ साली 'द फिशिंग गॅझेट' सुरू झाले आणि त्याचे संपादन आर. बी. मार्स्टन यांनी जवळजवळ अर्धे शतक, १९२७ साली मृत्यू येईपर्यंत केले. या अंकांत लेखांच्या जोडीला वाचकांची पत्रे, शंका, उत्तरे आणि वादविवाद असत. एका आठवड्यात कोणी मत मांडावे आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याने ते खोडून काढावे, असा हा व्यवहार होता.

त्या काळातला मोठा वाद 'ड्राय फ्लाय'चा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या कृत्रिम माशीचा होता. गळावर पिसे आणि रेशमी धागे बांधून कीटकाचा भास निर्माण करायचा, आणि तो पृष्ठभागावर असा सोडायचा की ट्राउट माशाने खरा कीटक समजून तो टिपावा, अशी ही पद्धत. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ च्या आपल्या ग्रंथात तिला शास्त्राचे रूप दिले. परंतु त्यांचा अनुभव दक्षिण इंग्लंडमधल्या नितळ, संथ वाहणाऱ्या नद्यांचा होता. अमेरिकेतल्या खळाळत्या, खडकाळ प्रवाहांत त्यांच्या माश्या लवकर बुडत, आणि तिथले कीटकही निराळे होते.

हा प्रश्न ज्याने सोडवायला घेतला तो थिओडोर गॉर्डन. १८५४ साली पिट्सबर्ग येथे जन्मलेला हा प्रकृतीने अशक्त माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरात, नेव्हरसिंक नदीच्या काठी एकांतात राहिला. त्याने हॅलफर्ड यांना पत्र लिहिले. १८९० च्या फेब्रुवारीत हॅलफर्ड यांनी उत्तरासोबत आपल्या माश्यांचे नमुने धाडले. गॉर्डनने त्यांची नक्कल केली नाही. आपल्या नदीवरचे कीटक पाहून त्याने नव्या माश्या बांधल्या. त्यांतली 'क्विल गॉर्डन' आजही वापरात आहे. अमेरिकन 'ड्राय फ्लाय'चा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

१९१५ साली गॉर्डन वारला तेव्हा त्याच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. त्याने जे लिहिले ते 'द फिशिंग गॅझेट' आणि 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' यांच्या अंकांत विखुरले होते. उरलेले पत्रांत होते. इंग्लंडमधले जी. ई. एम. स्क्यूज यांच्याशी त्याचा दीर्घ पत्रव्यवहार होता. जॉन मॅक्डोनाल्ड यांनी ही टिपणे आणि पत्रे एकत्र करून १९४७ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. लेखकाच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी त्याला ग्रंथ लाभला, तोही कोणीतरी जुने अंक आणि जुनी पत्रे टाकून दिली नव्हती म्हणून. पुढे १९५० च्या दशकात न्यूयॉर्क शहराच्या पाण्यासाठी नेव्हरसिंकवर धरण झाले आणि त्या खोऱ्याचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. गॉर्डनने टिपणांत नोंदवलेला नदीकाठ आज प्रत्यक्ष पाहता येत नाही. तो कागदावर तेवढा उरला आहे.

म्हणूनच संग्राहक काय जपतो, हा प्रश्न आम्हांला गौण वाटत नाही. ग्रंथालये वर्षभराचे अंक बांधताना अनेकदा मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकत. परंतु दोरा, गळ, रीळ यांच्या किमती आणि एखादे साधन बाजारात केव्हा आले याचा पुरावा त्याच जाहिरातींत असतो. दुसरीकडे काही हौशी मंडळी रंगीत मुखपृष्ठ चौकटीत लावण्यासाठी अंक फाडतात, आणि मजकूर रद्दीत जातो. शिवाय लाकडाच्या लगद्यापासून केलेला तो स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो. सूक्ष्मपट निघाल्यावर मूळ वृत्तपत्रे टाकून देणाऱ्या ग्रंथालयांवर निकल्सन बेकर यांनी 'डबल फोल्ड' या २००१ च्या पुस्तकात टीकास्त्र सोडले होते. आता डिजिटल प्रतींमुळे वाचन सुलभ झाले हे खरे. पण ज्या प्रतीतून पाने आधीच गळाली आहेत, तिची प्रतिमाही अपुरीच राहते.

ग्रंथ आपल्याला निष्कर्ष देतो. हॅलफर्ड यांच्या ग्रंथात पद्धत सिद्ध झालेली दिसते. गॉर्डनच्या टिपणांत मात्र ती घडताना दिसते: आजचे पाणी, आजचा वारा, फसलेला प्रयोग, बदललेले मत. साहित्याच्या अभ्यासकाला या दुसऱ्या प्रकारच्या लेखनाची गरज अधिक आहे, कारण विचार कसा वळला हे त्यावाचून कळत नाही. मासिकाचा अखंड अंक, त्याच्या पत्रव्यवहारासह आणि जाहिरातींसह, हे स्वतंत्र साधन आहे. ते जपणाऱ्याला छांदिष्ट म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु गॉर्डनसारखे आणखी किती लेखक ग्रंथाविना पडून आहेत, याचा शोध अशाच माणसांच्या कपाटांतून सुरू करावा लागेल.