शकुंतलेच्या पायांतील दर्भ

लज्जा आणि लज्जेचा आविर्भाव यांतील अंतर कालिदासानें फार पूर्वींच ओळखलें होतें. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या पहिल्या अंकांत आश्रमाकडे परतणारी शकुंतला अकस्मात् थांबते. पायांत दर्भाचा अंकुर रुतला, असें ती अनसूयेला सांगते आणि वल्कल फांदीला अडकल्याचें निमित्त करून मागें वळून पाहते. दुष्यंत हा प्रसंग पुढें विदूषकाला मोठ्या कौतुकानें सांगतो. निमित्त खोटें होतें. पाहण्याची इच्छा मात्र खरी होती. जिला उघड पाहण्याची मुभा नाहीं, तिनें शोधलेली ती पळवाट होती.

महाराष्ट्रांत हें लाजणें घरोघर पोंचलें तें दोन मार्गांनीं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. त्या काळीं स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. पुढें बालगंधर्वांनीं ही कला अशा थरास नेली कीं, कुलीन स्त्रियाहि त्यांच्या नेसण्याचें व केशरचनेचें अनुकरण करूं लागल्या. स्त्रीनें कसें लाजावें याचा वस्तुपाठ पुरुषानें द्यावा आणि स्त्रियांनीं तो गिरवावा, असा हा उलटा न्याय होता!

दुसरा मार्ग मुंबईच्या उपनगरांतून गेला. १८९४ सालीं राजा रविवर्मा यांनीं घाटकोपरास शिळाछापाचा छापखाना काढला. १८९९ सालीं तो लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. काट्याच्या मिषानें मागें पाहणारी शकुंतला रविवर्म्यांनीं रंगविली होती. राजवाड्यांपुरतीं असलेलीं त्यांचीं चित्रें या छापखान्यामुळें मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत आलीं.

परंतु चित्रांत काळ थिजतो. नाटकांतील शकुंतला क्षणभर थांबून चालूं लागते. भिंतीवरची मात्र कायमची वळलेलीच राहिली. जें निमित्त होतें तेंच स्त्रीत्वाचें लक्षण ठरलें. मुलगी दाखविण्याच्या प्रसंगीं मान खालीं घालील ती सालस आणि सरळ उत्तर देईल ती आगाऊ, असा निवाडा होऊं लागला कीं मुलींनाहि लाजण्याचें सोंग वठवावें लागतें. आणि मग तें सोंग केल्याबद्दल पुन्हां त्यांनाच हंसतात.

कालिदासाची शकुंतला पांचव्या अंकांत भर दरबारांत उभी आहे. राजा ओळख नाकारतो, तेव्हां ती त्याला तोंडावर अनार्य म्हणते. त्या वेळीं तिच्या पायांत दर्भ रुतत नाहीं.