उसनं विकणारे: दलाल स्ट्रीटचे मंदीवाले आणि मुळशीचं लवासा

आजचा भाग तुमच्याच एका प्रश्नावर आहे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत गेमस्टॉप नावाच्या कंपनीच्या शेअरवरून जो गोंधळ झाला, त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. त्यातला ‘शॉर्ट इंटरेस्ट’ हा आकडा आपल्याकडच्या छोट्या कंपनीसाठी कुठे बघायचा, असं बरेच जण विचारतात. उत्तर सोपं आहे: बहुतेक वेळा कुठेच नाही. पण का नाही, हे समजून घ्यायला आपल्याला आधी दलाल स्ट्रीटला आणि मग मुळशीला जावं लागेल.

आधी शॉर्ट सेलिंग म्हणजे काय ते बघू. मुळशीचा आंबेमोहोर घ्या. सुगी यायची आहे, भाव चढा आहे आणि मला वाटतंय की नवा तांदूळ आला की भाव पडणार. मी शेजाऱ्याकडून एक पोतं उसनं घेतो आणि आजच्या भावाने विकून टाकतो. सुगीनंतर स्वस्तात पोतं घेऊन त्याला परत करतो. मधला फरक माझा. पण पाऊस दगा देऊन गेला तर? भाव दुप्पट होवो, चौपट होवो, शेजाऱ्याला पोतं द्यावंच लागतं. विकत घेणाऱ्याचं नुकसान फार तर घातलेल्या पैशाएवढं असतं. उसनं विकणाऱ्याच्या नुकसानीला मात्र वर छप्परच नाही.

गावातली अशी किती पोती उसनी विकली गेलीत आणि अजून परत व्हायची आहेत, तो आकडा म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट. आकडा मोठा असेल तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, बऱ्याच जणांना भाव खोटा वाटतोय. दोन, या सगळ्यांना कधीतरी खरेदी करावीच लागणार आहे.

हा दुसरा अर्थ मुंबईने १९८२ मध्ये पाहिला. कंपनी होती रिलायन्स, तेव्हाची कापड आणि धाग्याची कंपनी. मार्चमध्ये मंदीवाल्यांनी, त्यात कोलकात्याचे दलाल पुढे होते, हातात नसलेले शेअर विकायचा सपाटा लावला. १८ मार्चला अर्ध्या तासात भाव १३१ वरून १२१ वर आला. पण समोरून कोणीतरी सगळं उचलत होतं. हे खरेदीदार धीरूभाई अंबानींच्या बाजूचे दलाल होते.

त्या काळी बाजारात ‘बदला’ चालायचा. पंधरवड्याच्या शेवटी सौदा पूर्ण न करता पुढे ढकलता यायचा. खरेदीदाराकडे पैसे नसले तर तो बदला द्यायचा. शेअरचीच चणचण असली तर उलटं व्हायचं आणि विकणारा द्यायचा, तो ‘उंधा बदला’. ३० एप्रिलला खरेदीदारांनी सांगितलं की आम्हाला शेअरच हवेत. मंदीवाल्यांकडे शेअर नव्हते. मुदत हवी तर शेअरमागे पैसे द्या, अशी मागणी आली. बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. मंदीवाले मिळेल त्या भावाने शेअर गोळा करत फिरले आणि १० मे रोजी भाव २०१ वर गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मंदीवाला नेहमी खरा असतो असं नाही. इथे त्यांचा अंदाजही चुकला आणि हिशोबही.

पुढे असे गोंधळ झाले की सरकार आणि सेबी दार लावून घ्यायचे. केतन पारेख प्रकरणात मार्च २००१ मध्ये शॉर्ट सेलिंगवर बंदी आली आणि त्याच जुलैत बदलाही संपला. नंतर दार किलकिलं झालं. एप्रिल २००८ पासून शेअर रीतसर उसने घेण्याची सोय आली. हातात काहीच नसताना विकणं मात्र चालत नाही. तुम्ही ॲपवर सकाळी विकून दुपारी परत घेता, तो एका दिवसाचा खेळ. त्यातही शेअरला अप्पर सर्किट लागलं तर परत घ्यायला विक्रेताच मिळत नाही. मग शेअर लिलावातून आणले जातात आणि जो भाव पडेल तो तुमच्या खात्यातून जातो.

मोठ्या कंपन्यांचे फ्युचर्स असतात. छोट्या कंपन्यांचे नसतात आणि त्यांचे शेअर उसनेही सहसा मिळत नाहीत. ट्रेड-टू-ट्रेड गटात टाकलेल्या शेअरमध्ये तर एका दिवसाचा खेळही बंद. आणि फ्युचर्सचा ‘ओपन इंटरेस्ट’ म्हणजे शॉर्ट इंटरेस्ट नव्हे. त्यातल्या प्रत्येक सौद्यात एक घेणारा असतो आणि एक विकणारा.

आता मुळशीत येऊ. दासवे गावाजवळ, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी लवासा उभं राहत होतं. मागे होती एचसीसी, म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये काढलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी. ती बाजारात होती, पण लवासा कॉर्पोरेशन नव्हती. सप्टेंबर २०१० मध्ये लवासाने सुमारे २,००० कोटींच्या आयपीओचे कागद सेबीकडे दिले. २५ नोव्हेंबरला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली आणि बांधकाम थांबवायला सांगितलं गेलं. एचसीसीचा शेअर जोरात आपटला. तो आयपीओ आलाच नाही. २०१४ मध्ये पुन्हा कागद दिले, तेव्हाही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बँकांचे पैसे अडकले आणि घरासाठी पैसे भरलेली माणसंही अडकली.

जमिनीबद्दल आणि पर्यावरणाच्या परवानगीबद्दल शंका तर नोटिशीच्या आधीपासून होत्या. खोऱ्यातले गावकरी बोलत होते, कार्यकर्ते बोलत होते. मुळशीला ‘नाही’ म्हणणं नवं नाही, १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह इथेच झाला होता. पण लवासाच्या भावात ती शंका दिसणार कशी? भावच नव्हता. ब्रोशर होतं, नमुन्याचं घर होतं आणि तळ्याचा फोटो होता. घर घेणाऱ्याला फक्त ‘हो’ म्हणणारी बाजू दिसली.

मला यातून एवढंच म्हणायचंय. शॉर्ट इंटरेस्ट म्हणजे पैसे लावून घेतलेल्या शंकांची मोजणी. ती निकाल नसते, १९८२ ने ते दाखवलं. पण जिथे शंका विकायची सोयच नाही, तिथे ती थोडी थोडी भावात उतरत नाही. ती एका नोटिशीसरशी एकदम कोसळते. छोट्या शेअरमध्ये मंदीवाला दिसला नाही, तर सगळे खुश आहेत असं समजू नका. त्याला बसायला जागाच दिलेली नाही. ते काम मग तुम्हालाच करावं लागतं: कर्ज किती, प्रवर्तकांचे किती शेअर तारण आहेत, परवानग्या हातात आहेत की वाटेत आहेत. आणि हो, गावातली माणसं काय म्हणतात तेही ऐका.