वत्सगुल्माचा ताम्रपट आणि नारदांची गादी

वाचक माउली, वाशीमच्या पद्मतीर्थावर हात जोडणाऱ्या भाविकाला वत्स ऋषींची कथा ठाऊक असते. ती माहात्म्यातली कथा. तिचा मान तिच्या जागी. पण याच गावाची दुसरी हकीकत तांब्यावर कोरलेली आहे, ती आपल्यापैकी किती जणांच्या कानी आली?

१९३९ साली वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. नागपूरचे प्राध्यापक वा. वि. मिराशी यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेथून दिलेले ते दानपत्र, थोडे संस्कृतात, बाकी प्राकृतात. वाकाटकांच्या येथील शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन, हे त्यातून कळले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखातही हेच नाव होते. अक्षरे झिजल्याने आधीच्या अभ्यासकांनी ते निराळे वाचले होते. वाशीमच्या तांब्याने अजिंठ्याचा दगड शुद्ध वाचता आला.

या सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी पारिजात आणला, हा त्याचा विषय. श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ तुम्ही श्रवण केला असेल. त्याच्या तेराशे वर्षांहून अधिक आधी आपल्या वाशीमचा राजा मराठीच्या पूर्वजभाषेत कृष्णकथा गात होता! ते काव्य आज लुप्त आहे. जुन्या अलंकारग्रंथांनी उतरून घेतल्या तेवढ्याच काही गाथा उरल्या.

मिराशींनी वाकाटकांच्या लेखांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९६३ साली दिला; पण ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हे मराठी पुस्तक त्याआधीच, १९५७ साली, लोकांच्या हाती ठेवले. विद्येचे दान असे असावे. आज वाशीमची महाविद्यालये ज्या विद्यापीठात येतात, त्याला संत गाडगे बाबांचे नाव आहे. बाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. त्या विद्यापीठातील इतिहासाच्या अभ्यासकांनी आपले संशोधन सप्ताहाच्या मंडपात आणले, तर ते नावाला शोभेल.

आपलेही कर्तव्य आहे. नारदांच्या गादीवरून निघालेला शब्द श्रोता खरा मानतो. म्हणून कीर्तनकाराने माहात्म्य माहात्म्य म्हणून सांगावे, इतिहास इतिहास म्हणून. त्याने श्रद्धा उणी होत नाही. श्रोत्याचा विश्वास मात्र राखला जातो.

आणि माउली, घरातली जीर्ण पोथी नदीत सोडू नका. जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांना आधी दाखवा. नांगराच्या फाळाला कोरलेला पत्रा लागला तर मोडीत घालू नका, तहसील कचेरीत कळवा; १८७८ चा कायदाही भूमीतले धन सरकारला कळवा असेच सांगतो. वाशीमचा तो पत्रा मोडीत वितळला असता, तर सर्वसेन आपला होता हे आपल्याला कळलेच नसते.